मुक्त आज्ञावली व मराठी संगणन

मुक्त आज्ञावली व मराठी संगणन : ज्या संगणकीय आज्ञावलीची मूळ संहिता वाचण्याची, अभ्यासण्याची, तीत बदल करण्याची आणि मूळ वा बदललेली प्रत इतरांस देण्याची मोकळीक परवान्यानेच दिलेली असते, तीस मुक्त किंवा मुक्तस्रोत आज्ञावली असे म्हणतात. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. अशी आज्ञावली विकताही येते. तथापि ती विकत घेणारा तिच्या अंतरंगापासून वंचित राहत नाही. याउलट मालकीच्या आज्ञावलीत ग्राहकाला वापराचा मर्यादित परवाना मिळतो. आतील रचना उत्पादकाकडेच राहते.

महाराष्ट्रात या विषयाला तांत्रिक बाजूइतकीच भाषिक बाजूही आहे. संगणक विकत घेतला, तरी त्यावर आपली अक्षरे आपोआप उमटत नाहीत, हा अनुभव मराठी ग्राहकाला प्रारंभीच आला. त्यामुळे कोणता संगणक घ्यावा, कोणता फाँट वापरावा, कोणती प्रणाली बसवावी, यांविषयीचा सल्ला हा येथील संगणन-व्यवहाराचा एक आवश्यक भाग बनला. हा सल्ला दुकानदार, दुरुस्ती करणारे कारागीर, संगणकवर्गांचे शिक्षक व अनुभवी परिचित यांच्याकडून मिळत असे. त्याचा इतिहास हा बव्हंशी परावलंबनाचा आणि त्यातून झालेल्या अंशतः मुक्ततेचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : वस्तू घेण्यापूर्वी तटस्थ माहिती मिळावी, ही जाणीव महाराष्ट्रात संगणकाच्या आधीपासून होती. मुंबईत १९६६ मध्ये काही गृहिणींनी ‘कन्झ्यूमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन केली. ग्राहकांच्या तक्रारींची दखल घेणे, वस्तूंची पारख करणे व तिचे निष्कर्ष लोकांपुढे ठेवणे, हे तिचे कार्य होते. पुढे बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ग्राहकाच्या माहितीच्या व निवडीच्या हक्काला कायद्याचे अधिष्ठान दिले. मात्र मिक्सर वा दूरचित्रवाणी संच यांची पारख ज्या कसोट्यांवर होई, त्या संगणकाला पुरेशा नव्हत्या. संगणकाचा उपयोग त्यावरील आज्ञावलीवर अवलंबून असतो आणि आज्ञावलीचे दोष बाहेरून दिसत नाहीत.

लेखनाच्या क्षेत्रात संगणकापूर्वीचे साधन म्हणजे टंकलेखन यंत्र. गोदरेज अँड बॉइस या कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. देवनागरी यंत्रांवर जागेच्या मर्यादेमुळे अक्षरांचे तुकडे कळांवर बसवावे लागत. जोडाक्षरे अर्धी अक्षरे जुळवून छापावी लागत. तरीही एका गुणामुळे हे यंत्र विश्वासार्ह ठरले : एकदा कागदावर उमटलेला मजकूर कोणालाही वाचता येत असे. यंत्र कोणत्या कंपनीचे होते, हे वाचणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती. संगणकाच्या पहिल्या दोन दशकांत नेमका हाच गुण नाहीसा झाला.

देवनागरीचे संगणकीकरण : भारतीय लिप्यांसाठी संगणकीय व्यवस्था तयार करण्याचे महत्त्वाचे काम कानपूर येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत झाले. तेथे विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुढे पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राकडे (सी-डॅककडे) आले. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरविला. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे अशी वर्णमालेच्या रचनेला धरून मांडणी असून ती सर्व भारतीय लिप्यांना समान आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली (आयएस १३१९४ : १९९१) प्रसिद्ध केली.

मानके अशा रीतीने वेळेवर तयार झाली. परंतु बाजार त्यांच्या मागे गेला नाही. मुद्रणपूर्व अक्षरजुळणीची, म्हणजे ‘डीटीपी’ची, दुकाने १९९० नंतरच्या दशकात गावोगावी निघाली. त्यांना हवी होती सुबक व तत्काळ छापता येणारी अक्षरे. ती पुरविणाऱ्या प्रत्येक उत्पादकाने आपापली संकेतपद्धती वापरली.

फाँटांचा कालखंड : या काळातील बहुतेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमन अक्षरांचाच राही. केवळ पडद्यावर तो मराठी दिसे. मूळ फाँट दुसऱ्या संगणकावर नसेल, तर तोच मजकूर निरर्थक रोमन चिन्हांच्या रांगेसारखा दिसत असे. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सी-डॅकचे योगेश व सुरेख इ. फाँट प्रचलित होते. मात्र एका पद्धतीतील मजकूर दुसऱ्या पद्धतीत वाचता येत नसे. अशा मजकुरात मराठी शब्द शोधणे किंवा याद्या अकारविल्हे लावणे विशेष साधनांवाचून शक्य होत नसे.

बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या सटाण्यासारख्या (जि. नाशिक) गावाच्या दृष्टीने याचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. तालुक्याच्या गावी अर्ज, प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल व शाळांच्या प्रश्नपत्रिका यांची जुळणी स्थानिक दुकानात होते. मोठ्या छपाईसाठी मजकूर नाशिक वा मालेगावसारख्या शहरी पाठवावा लागतो. अशा वेळी ‘फाँट कोणता आहे?’ हा पहिला प्रश्न असे. या अडचणीतूनच सल्ल्याची एक परंपरा तयार झाली. मजकुराबरोबर फाँटही तबकडीवर द्यावा. तबकडीवर फाँटाचे नाव लिहावे. शंका असल्यास मजकुराऐवजी त्याचे चित्र किंवा पीडीएफ प्रत पाठवावी. सोबत कागदावरील छापील प्रत ठेवावी, हे या परंपरेतील प्रमुख नियम होत. हे सर्व सल्ले व्यवहार्य होते. पण मूळ दोष दूर करण्याऐवजी ते ग्राहकाला त्याच्याशी जुळवून घेण्यास शिकवीत. ज्या दुकानाकडे मूळ फाँट, त्याच दुकानाकडे पुढील दुरुस्तीसाठी जावे लागे. मजकूर लिहिणाऱ्याचा असूनही तो उघडण्याची किल्ली दुसऱ्याकडे राही. दुकान बंद झाले वा फाँट कालबाह्य झाला, की संस्थेचे जुने अहवाल तबकडीवर असूनही वाचता येत नसत.

युनिकोड : जगातील सर्व लिप्यांना एकच संकेतप्रणाली देण्याच्या उद्देशाने युनिकोड संघ १९९१ मध्ये स्थापन झाला व त्याच वर्षी मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत देवनागरीला १२८ स्थाने मिळाली असून त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. या पद्धतीत आकृतीऐवजी वर्ण साठविला जातो. उदा., ‘कि’ लिहिताना वेलांटी डावीकडे दिसली, तरी साठवणीत प्रथम क व नंतर इकाराची खूण असते. ‘क्ष’ हे अक्षर क, हलन्त चिन्ह व ष या क्रमाने साठविले जाते. वर्णांपासून योग्य आकृती घडविण्याचे काम फाँट व अक्षररचना करणारी आज्ञावली मिळून करतात.

मराठीच्या काही खास गरजा यात विचारात घ्याव्या लागल्या. ‘आचार्याला’ व ‘आचाऱ्याला’ या शब्दांचे अर्थ भिन्न आहेत. त्यांतील भेद रफार आणि र्‍ याचे आडवे रूप यांवर अवलंबून आहे. हे रूप न दाखविणारा फाँट हिंदीला चालेल, मराठीला नाही. ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र संकेतस्थान २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, मिळाले. ल आणि श यांची मराठी वळणेही हिंदीतील प्रचलित वळणांहून वेगळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला व देवनागरी लिपी यांचे प्रमाण रूप निश्चित केले.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० या प्रणालीपासून देवनागरी युनिकोडची सोय सामान्य संगणकात आली. तीतील मंगल हा फाँट रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) या मराठी सुलेखनकार व कवीने आरेखित केला. जोशी यांनीच मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात रघू हा फाँट तयार केला आणि तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. एकाच कलावंताची अक्षरे मालकीच्या व मुक्त अशा दोन्ही प्रणालींत पोचली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मुक्त आज्ञावलीची चळवळ : रिचर्ड स्टॉलमन (१९५३– ) यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली व १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स (१९६९– ) यांनी १९९१ मध्ये लिनक्स या गाभ्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. या दोहोंच्या संयोगातून संपूर्ण परिचालन प्रणाली उपलब्ध झाली. ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली. भारतात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची भगिनी संस्था २००१ मध्ये सुरू झाली.

महाराष्ट्रात या प्रणालीचा प्रसार प्रथम मुंबई-पुण्यातील अभियंते व विद्यार्थी यांच्या वापरकर्ता-गटांमार्फत झाला. सार्वजनिक आंतरजाल सेवा भारतात ऑगस्ट १९९५ मध्ये सुरू झाली; परंतु दूरध्वनीवरून मिळणारी ही सेवा इतकी मंद होती, की संपूर्ण प्रणाली उतरवून घेणे व्यवहारतः अशक्य होते. त्यामुळे संगणकविषयक मासिकांबरोबर मिळणाऱ्या तबकड्या हातोहात फिरत. २००५ ते २०११ या काळात उबुंटू या प्रणालीच्या तबकड्या मागणी नोंदविल्यास टपालाने विनामूल्य येत. अशी तबकडी मित्राला नकलून देणे कायदेशीर होते. मालकीच्या प्रणालीच्या बाबतीत हेच कृत्य परवानाभंग ठरत असे.

मराठीच्या दृष्टीने महत्त्वाचे कार्य भाषांतर व फाँट यांसंबंधीचे आहे. इंडलिनक्स या गटाने भारतीय भाषांतील लिनक्ससाठी स्वयंसेवक एकत्र आणले. मूळ संहिता खुली असल्याने पडद्यावरील सूचनांचे मराठी भाषांतर करण्यास कोणत्याही उत्पादकाच्या परवानगीची आवश्यकता नव्हती. मराठीची बाजारपेठ किती मोठी आहे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. रेड हॅट कंपनीच्या पुरस्काराने तयार झालेले लोहित फाँट २०११ मध्ये मुक्त फाँट परवान्याखाली आले. २०१० नंतरच्या दशकात मुंबईच्या एक टाइप या गटाने मुक्त परवान्याखाली मुक्ता, बलू इ. फाँट प्रसिद्ध केले. केंद्र शासनाच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान विकास कार्यक्रमातून २००५ पासून भाषावार विनामूल्य तबकड्या वितरित झाल्या. त्यांत फाँटांबरोबर कार्यालयीन उपयोगाच्या मुक्त आज्ञावलीही होत्या. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे युनिकोड व मुक्त आज्ञावली यांच्या संयोगाचे ठळक फलित होय.

लोकसल्ल्याचे स्वरूप : सामान्य ग्राहकाला या घडामोडींची माहिती सल्ल्याच्या रूपानेच मिळत गेली. १९९५ ते २०१० या काळात सुटे भाग जुळवून केलेला संगणक घ्यावा की नामांकित कंपनीचा, हा घरोघरी चर्चिला जाणारा प्रश्न होता. जुळविलेला संगणक स्वस्त पडे व त्याचे भाग बदलता येत. मात्र त्यावर बसवून दिलेल्या आज्ञावली पुष्कळदा विनापरवाना असत व याची कल्पना ग्राहकाला दिली जात नसे. संगणक मंद झाला की ‘फॉरमॅट मारा’ आणि महत्त्वाचे काही ‘सी ड्राइव्हवर ठेवू नका’, हे सल्ले सार्वत्रिक होते. पहिल्याने मूळ कारण शोधले जात नसे. दुसरा मात्र त्या परिस्थितीत योग्य होता, कारण पुनःस्थापनेत त्याच विभागातील मजकूर नष्ट होई. भारनियमनाच्या काळात वीजपुरवठा अखंड ठेवणाऱ्या संचाशिवाय संगणक घेऊ नये, हा ग्रामीण भागातील सल्ला अनुभवसिद्ध होता.

लिनक्सविषयी दोन टोकांची मते ऐकू येत. एका मताप्रमाणे ती केवळ तज्ज्ञांसाठी होती. दुसऱ्या मताप्रमाणे ती विषाणुमुक्त व सर्व दोषांवरील उपाय होती. दोन्ही मतांत अतिशयोक्ती होती. त्या काळातील स्वस्त मोडेम आपले बरेचसे काम विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावलीकडून करून घेत. उत्पादकांनी तपशील उघड न केल्यामुळे ते लिनक्सवर चालत नसत. छपाईयंत्रांबाबतही अनेकदा हीच अडचण येई. अशा वेळी दोष मुक्त प्रणालीच्या माथी मारला जाई; वस्तुतः तो बंद ठेवलेल्या माहितीचा होता. जुन्या डीटीपी आज्ञावली व त्यांचे फाँट लिनक्सवर चालत नसल्याने छपाई व्यवसायातील ग्राहकाला मात्र स्थलांतर खरोखरच अवघड होते. त्याला ‘लिनक्स घ्या’ एवढेच सांगणे हा अपुरा सल्ला होता. मजकूर प्रथम युनिकोडमध्ये आणावा आणि प्रणालीचा विचार नंतर करावा, हा क्रम अधिक शहाणपणाचा ठरला. त्यासाठी स्वयंसेवकांनी तयार केलेली फाँट-परिवर्तक साधने उपयोगी पडली.

शिक्षणक्षेत्र : महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली व एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाद्वारे संगणक-साक्षरता तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. अशा वर्गांतील शिक्षक हा त्या परिसरातील संगणकविषयक सल्लागार बनला. रायगड जिल्ह्यातील खैराट-धनगरवाडा येथील शाळेत २००७ मध्ये ‘एका मुलास एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. त्यातील छोटे संगणक लिनक्सवर आधारित असून त्यांचा पडदा उन्हातही वाचता येई.

सल्ल्याला पद्धतशीर रूप देणारा प्रयत्न म्हणजे मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प होय. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखालील या प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिस इ. मुक्त आज्ञावलींवर साधारणतः दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार करण्यात आले. पाठाचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केल्यामुळे इंग्रजी न जाणणाऱ्या विद्यार्थ्यालाही शिक्षकाविना शिकणे शक्य झाले. हे पाठही मुक्त परवान्याखाली आहेत.

भ्रमणध्वनी : २०१० नंतर सामान्य मराठी माणसाचा पहिला संगणक म्हणजे त्याचा भ्रमणध्वनी संच, अशी स्थिती आली. प्रारंभीच्या अनेक संचांवर मराठी संदेश चौकोनांच्या ओळीसारखे दिसत. म्हणून ‘मराठी दिसते का, ते दुकानातच पाहून घ्या’ हा सल्ला रूढ झाला. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) : २०१६ या मानकाने ही बाब ग्राहकाच्या सावधगिरीवर न सोडता उत्पादकाची जबाबदारी ठरविली. संचावर सर्व २२ अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता यावा आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावे, अशी त्यात तरतूद आहे.

आज बहुसंख्य संचांवर असलेली अँड्रॉइड प्रणाली लिनक्सच्या गाभ्यावर उभी असून तिचा पाया मुक्तस्रोत आहे. सटाण्याच्या बाजारातील कांद्याचे भाव मराठीत वाचणारा शेतकरी अशा रीतीने नकळत मुक्त आज्ञावलीचा वापरकर्ता झाला आहे. अहिराणी बोलीलाही याचा लाभ मिळतो. ती देवनागरीत लिहिली जात असल्याने तिच्या लेखनासाठी वेगळी संकेतप्रणाली लागत नाही. तथापि पाया मुक्त असला, तरी संच बहुधा बंदिस्त असतो. उत्पादकाकडून काही वर्षांनी सुधारणा येणे थांबते, विद्युत्‌ घट सहज बदलता येत नाही आणि सुटे भाग मिळणे कठीण होते. केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या राष्ट्रीय ग्राहक दिनी (२४ डिसेंबर) दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले, ते या प्रश्नाची दखल म्हणून.

मूल्यमापन : केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. मेजावरील संगणकांत मात्र लिनक्सचा वापर मर्यादितच राहिला. यावरून चळवळ अयशस्वी झाली, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. मराठीपुरते तिचे खरे यश प्रणालीच्या नावात नसून मजकुराच्या स्वातंत्र्यात आहे : सटाण्यात लिहिलेला मजकूर कोणत्याही शहरातील, कोणत्याही कंपनीच्या यंत्रावर मराठीतच उघडतो. टंकलेखन यंत्राच्या कागदाला असलेला हा गुण अक्षरांना पुन्हा प्राप्त झाला, तो खुल्या मानकांमुळे व मुक्त फाँटांमुळे.

जुन्या पद्धतींत साठविलेला मजकूर हा अपूर्ण राहिलेला भाग होय. १९९० ते २००५ या काळातील नियतकालिके, संस्थांचे अहवाल व हस्तलिखितांच्या जुळण्या अद्याप जुन्या फाँटांत अडकलेल्या असल्यास, त्या फाँटांबरोबर त्याही अवाच्य होण्याचा धोका आहे. त्यांचे परिवर्तन करताना जोडाक्षरे व र्‍ याची रूपे बिघडतात; म्हणून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे लागते. हे काम खर्चिक नसले, तरी वेळखाऊ आहे आणि ते जुना फाँट व तो ओळखणारी माणसे उपलब्ध असेपर्यंतच होण्यासारखे आहे. उपकरण विकत घेताना केवळ किंमत व वेग न पाहता, त्यात साठविलेले आपले लेखन दुसऱ्या उपकरणावर नेता येईल काय, हे पाहावे, हा तीन दशकांच्या मराठी अनुभवातून निघालेला सर्वांत टिकाऊ सल्ला होय.